एकशे नव्याण्णव हात

पेणच्या रामवाडीत येऊन हिरामणचं घर कुठं असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘चेंडूवाला हिरामण’ म्हणा, मग कोपऱ्यावरचा टपरीवाला टपरी सोडून घर दाखवायला येईल. वाटेत, तुम्ही विचारलेलं नसतानाही, तो सांगेल की या माणसानं ब्याऐंशी साली एकशे नव्याण्णव हात चेंडू फेकला होता. टपरीवाल्याचा जन्म त्र्याण्णवचा. पण सांगतो असा, की चेंडू आणायला तोच धावला होता.

हिरामण स्वतः हा आकडा कधी उच्चारत नाही. कुणी विषय काढलाच तर ‘जाऊ दे रे’ म्हणतो आणि पाणी कधी येणार, लाइट का गेली असलं काहीतरी विचारतो. लोक म्हणतात, बघा, केवढा माणूस, पण गर्व म्हणून नाही. लोकांचं काय, गप्प बसणाऱ्याच्या पदरात हवा तो गुण टाकून ते मोकळे होतात.

हिरामण मूळचा मोठीखारचा. पेणच्या खाडीकाठचं, मातीच्या बांधाआड बसलेलं गाव. अर्धी माणसं मिठागरात, अर्धी खाऱ्या जमिनीतल्या भातात, आणि उधाण आलं की सगळीच्या सगळी बांधावर. बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खांड पडली की गडी रांग धरतात. चिखलाचे गोळे हातोहात पुढं जातात, आणि ज्याच्या पायापुढं जमीनच उरलेली नसते तो रांगेतला शेवटचा गडी ते गोळे खांडीत फेकतो. सोळाव्या वर्षापासून तो शेवटचा गडी म्हणजे हिरामण. बापानं त्याला एकच धडा दिला होता. “वर फेक. वरून पडलेला गोळा बसतो. आडवा गेला तर पाणी घेऊन जातं.”

हा धडा हिरामणच्या खांद्यात इतका मुरला, की पुढं चिखलाऐवजी चेंडू हातात आला तरी तो आभाळाकडंच बघून फेकायचा. चेंडू असा वर जायचा की खालची माणसं माना मोडून बघत राहायची. मोठीखारच्या संघात त्याला सीमारेषेवर उभं करत. फलंदाजी यथातथाच, गोलंदाजी तर बोलायलाच नको. पण लांबून त्यानं फेकलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पडायचा, तेव्हा बांधावर बसलेल्या बायकासुद्धा ‘अगो बाय!’ म्हणायच्या. त्या बायकांत एक ठमा होती. तिचं पुढं लग्न हिरामणशीच झालं, पण तो वेगळा विषय.

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये मोठीखारला सामने भरले. रोह्याकडून, नागोठण्याकडून संघ आले होते. रोह्याच्या एका कंपनीचे साहेब पाहुणे म्हणून होडीतून येणार होते. साहेबांना कंपनीच्या संघासाठी पोरं हवी होती आणि जो संघात येईल त्याला नोकरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की लांब चेंडू फेकायची शर्यत पण घ्या. चेंडू खरा, चामड्याचा, लाल.

मोजायला टेप कुठून आणणार? मिठागराच्या मुकादमानं नवी आगरं आखायला पेणच्या बाजारातून अंबाडीचा नवा कोरा दोर आणला होता, चाळीस हातांवर मोजून गाठ मारलेला. तोच घेतला.

बाहेरच्यांना परतीची एसटी गाठायची होती, म्हणून त्यांच्या फेकी सकाळी झाल्या. त्यात निडीचा पोपट होता. निडी म्हणजे नागोठणं आणि रोह्याच्या मधलं भाताचं आणि वालाचं गाव. तिथं शेतात पाखरं हाकायला गोफण चालते, आणि गोफणीवर ज्याचा हात बसला त्याचा चेंडू वेगळाच निघतो. पोपट रेषेवर आला तेव्हा त्याचा थोरला भाऊ जनू बाजूला उभा राहून ओरडायला लागला, “पोपट, खाली ठेव! लई वर नको, खाली ठेव!” सगळं मैदान हसलं. चेंडू जितका वर तितका लांब हे खाऱ्या जमिनीच्या त्या खारेपाटात शेंबड्या पोरालाही माहीत, आणि हा शहाणा म्हणतो खाली ठेव! पोपटनं मात्र भावाचं ऐकलं. चेंडू सपाट, चिडल्यासारखा गेला आणि लांब जाऊन पडला. दोर पाच वेळा लावला. एकशे शहाण्णव हात.

दुपारी भरती आली. मैदानाचं खाडीकडचं टोक ओलं झालं, म्हणून गावच्या पोरांनी उलट बाजूनं, गावाकडं तोंड करून फेकायचं ठरलं. वारा खाडीवरून सुटला होता, तो त्यांच्या पाठीशी आला. आणि त्याच वेळी साहेबांची होडी बांधायला दोर सापडेना म्हणून कुणीतरी तोच अंबाडीचा दोर नेला. दोन तास तो खाऱ्या पाण्यात पडून होता. हिरामणची फेक झाली तेव्हा तो पळत जाऊन सोडून आणला. त्यातून पाणी निथळत होतं. मोजला. एकशे नव्याण्णव.

मग काय, गाव नाचलं. हिरामणला खांद्यावर घेतलं. साहेबांनी नाव लिहून घेतलं. पोपटची एसटी चुकलीच होती, तो लांब उभा राहून बघत होता आणि नंतर येऊन त्यानं हिरामणचा हात हातात घेतला. पोपटचा हात कोरडा आणि गरम होता. हे हिरामणला आजही आठवतं. बाकीचं किती खरं आठवतं आणि किती लोकांनी सांगून सांगून आठवायला लावलं, हे त्यालाही सांगता येणार नाही.

दोर मुकादमाच्या घरी पोचवायचं काम हिरामणकडं होतं. त्यानं तो दोन खांबांना ताणून वाळत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी आणायला गेला तर दोर जमिनीला टेकला होता. हिरामण तिथंच उभा राहिला. दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्यानं तो डबक्यात बुडवला, भिजू दिला आणि आपल्या हातानं मोजला. अडतीस हात भरला.

हिशोब करायला तो फार शिकलेला नव्हता, पण एवढं कळलं. आपली फेक एकशे एकोणनव्वद हातांची. पोपट सात हातांनी पुढं.

सांगायला हवं होतं. त्या दिवशी सांगितलं असतं तर लोक हसले असते, मुकादमाला चार शिव्या पडल्या असत्या आणि विषय संपला असता. हिरामणनं ठरवलं, उद्या सांगू. मग म्हणाला, परवा. आठव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. आईनं पत्र देवापुढं ठेवलं, आणि हिरामणनं तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच.

नोकरी छत्तीस वर्षं केली. पहिली सात-आठ वर्षं कंपनीच्या संघात, मग खांदा दुखायला लागला तेव्हा गोदामात. माणूस चांगला, कामाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्न झालं, रामवाडीत घर झालं, मुलगा अमोल झाला, मोठा होऊन डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं शिफ्टला जायला लागला. सगळं यथास्थित. फक्त शहाऐंशीला रेल्वे सुरू झाली तेव्हापासून हिरामणची एक खोड सुरू झाली. पेणहून रोह्याला जाताना नागोठणं सुटलं की तो पेपर उघडायचा आणि निडी मागं पडेपर्यंत खाली ठेवायचा नाही. बरोबरचे लोक म्हणायचे, हिरामणला वाचनाचं भारी वेड. पेपर बरेचदा उलटा असायचा.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

आता नूतनबद्दल सांगायला हवं. नूतन ही अमोलची बायको. माहेर रोह्याचं, पेणच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बोलणं स्वच्छ, स्वभाव खोदून खोदून विचारणारा. घरात पंखा फिरला तरी तो का फिरतो हे सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ठमाबाई म्हणते, “माझी सून बटाटा पण कोन बघून चिरते.” म्हणते कौतुकानंच.

या वर्षी फेब्रुवारीत विज्ञान दिनासाठी नूतनला काहीतरी नवं करायचं होतं. चेंडू किती लांब जाऊ शकतो, हा विषय तिनं घेतला आणि एका संध्याकाळी भाकरी वाढता वाढता सासऱ्याला म्हणाली, “बाबा, घरात एवढा मोठा नमुना असताना मी पुस्तकातली उदाहरणं कशाला देऊ? तुमचीच फेक फळ्यावर लिहिते. एकशे नव्याण्णव हात, म्हणजे एकोणनव्वद-नव्वद मीटर. आणि तुम्ही येऊन मुलांपुढं दोन चेंडू फेकून दाखवायचे.”

“या वयात?” हिरामण म्हणाला.

“या वयातच. मुलांना कळू दे.”

रविवारी सकाळी ती त्याला मैदानावर घेऊन गेली. बरोबर टेप, फोन आणि लाल चेंडू. चेंडू हातात घेतला आणि हिरामणच्या बोटांना शिवण लागली, तेव्हा त्याला मोठीखारचा वास आला, चिखलाचा आणि मिठाचा. किती वर्षांनी हातात घेतला होता! चौसष्ट वर्षांचा तो माणूस चेंडू उगाच या हातातून त्या हातात टाकत राहिला. नूतनला घाई नव्हती, तिनं त्याला तसं करू दिलं.

मग त्यानं फेकला. नेहमीसारखा, आभाळात. नूतननं मोजला. तेहेतीस मीटर.

“आता असं करा,” ती म्हणाली. “त्या माडाच्या शेंड्याकडं बघू नका. त्याच्या निम्म्यावर बघा आणि फेका.”

“खाली? खाली मारला तर लगेच पडेल.”

“बघू तर.”

हिरामणनं मनाविरुद्ध चेंडू खाली ठेवला. अडतीस मीटर भरला. त्याचा विश्वास बसेना. पुन्हा वर फेकला, बत्तीस. पुन्हा खाली, सदतीस. खांदा तोच, चेंडू तोच.

“पुस्तकात म्हणतात, पंचेचाळीस अंशांत फेकलं की चेंडू सर्वांत लांब जातो,” नूतन टेप गुंडाळत सांगायला लागली. “म्हणजे बरोबर उभं आणि आडवं यांच्या मध्ये. पण पुस्तकातल्या त्या गणितात हवा नसते. खऱ्या चेंडूला हवा अडवते, आणि तो जितका जास्त वेळ वर राहील तितकी जास्त अडवते. आणि पुस्तकात खांदा पण नसतो, बाबा. वर फेकताना आपला हात तेवढा जोर देऊ शकत नाही, तेच थोडं खाली फेकलं की चेंडू जास्त वेगानं सुटतो. लांबीला वेग सर्वांत महत्त्वाचा. हवा नसती तर वेग दुप्पट झाला की लांबी चौपट झाली असती. म्हणून माणसानं फेकताना तीस-पस्तीस अंशांतच फेकावं. हां, पाठीशी वारा असेल तर मात्र वर फेकलेला खपून जातो.”

हिरामणचं पुढचं लक्ष उडालं होतं. त्याला मैदान हसताना ऐकू येत होतं, आणि त्या हसण्यातून एकट्या माणसाचा आवाज. खाली ठेव. लई वर नको, खाली ठेव.

“म्हणजे जनू बरोबर व्हता,” तो म्हणाला.

“कोण जनू?”

त्यानं चेंडू तिच्या हातात ठेवला आणि घराची वाट धरली. घरी आल्यावर नूतननं वही काढली आणि साहजिकच विचारलं, “बाबा, तेव्हा मोजलं कशानं होतं हो? वारा कुठून होता? मुलं विचारतील.”

हिरामण पाटावर बसला होता. त्यानं ठमाबाईकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती.

“तो आकडा लिहू नको, नूतन,” तो म्हणाला. “तो आकडा खोटा हाय.”

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. दोर, होडी, डबकं, अडतीस हात. एकदा उघडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, वर उचलली की पाणी थांबवता येत नाही तसं झालं. नूतननं वही मिटली. ठमाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं. मग ती म्हणाली, “मी तुमच्याशी त्या फेकीवर भाळून लगीन केला नाय. तुमी चांगलं दिसायचात म्हणून केला. मला सांगितला असतात तर काय झाला असता?” तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. “आणि त्या पोपटला सांगितलाव काय?”

“नाय.”

“मग माझ्याजवळ काय बसलाव? जावा की.”

दुसऱ्या दिवशी हिरामण रोह्याच्या गाडीत बसला. नागोठणं सुटलं, आणि बरोबर पेपर नसल्यानं त्याला कुठं बघावं ते कळेना. गाडी निडीला थांबली. बत्तीस वर्षं या फलाटाच्या समोरून तो रोज गेला होता आणि आज पहिल्यांदा त्यावर पाय ठेवत होता. फलाट अगदी साधा होता. कुठल्याही स्टेशनासारखा. पोपट शिव्या देईल, कदाचित काठी उचलेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. खरं सांगायचं तर त्यानं काठी उचलावी असंच त्याला वाटत होतं.

पोपटचं घर लगेच सापडलं. अंगणात वाल झोडत होता. पासष्टी उलटलेला, सुकलेला, पण खांदे अजून रुंद. हिरामण फाटकातून आत आला आणि म्हणाला, “पोपट, मी हिरामण. मोठीखारचा.”

पोपटनं डोळे बारीक केले. मग हातातली काठी टाकून हसायला लागला. “अरे! मालू, बाहेर ये, बघ गो कोण आलाय! ह्यानंच मला हरवला व्हता! रायगड जिल्ह्यात असा फेकणारा झाला नाय!” त्याची बायको मालू पदराला हात पुसत बाहेर आली, आणि पोपट तिला, तिनं शंभर वेळा ऐकलेलं सगळं पुन्हा सांगायला लागला. एकशे नव्याण्णव. मी एकशे शहाण्णव. तीन हातांनी गेला. साहेबांची टोपी कशी होती, पोहे कसे खारट होते, एसटी चुकल्यावर नागोठण्यापर्यंत ट्रकच्या मागं बसून कसे आले. सगळं त्याला लख्ख आठवत होतं, आणि सांगताना त्याचं तोंड फुललं होतं. हिरामणला वाटलं, उठावं आणि निघून जावं. हे आता कसं सांगायचं?

काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, “जनू कसा हाय?”

पोपटनं खाली पडलेल्या दोन शेंगा उचलून ढिगावर टाकल्या. “असेल,” म्हणाला. “पलीकडं राहतो.”

अंगणाच्या कडेला दगडांचा गडगा होता, कमरेएवढा. त्याच्या पलीकडं तसंच घर, तसंच अंगण, आणि उन्हात खाटेवर बसलेला एक म्हातारा, पाठ इकडं करून.

“बोलत नाय दोघं,” मालू म्हणाली. “त्या चेंडूपासून.”

“मालू, राहू दे.”

“राहू कशाला देऊ? त्यांना कळू दे. घरी येऊन ह्यांनी भावाला भर गावासमोर म्हटलं, तुझ्यामुळं गेलं सगळं, तू खाली ठेव म्हणालास, वर फेकला असता तर नोकरी माझी व्हती. त्या दिवसापासून ते बोलत नाय आणि हे बोलत नाय. मी या घरात आले त्याच्या आधीपासून हे असं हाय. गडगा माझ्यासमोर घातला.”

नोकरीचं ओझं हिरामण इतकी वर्षं वाहत होता. आपण एका माणसाची नोकरी खाल्ली, याची त्यानं मनातल्या मनात किती वेळा माफी मागितली होती. या गडग्याची त्याला कल्पनाच नव्हती. पोपट नोकरीवाचून जगला होता, चांगला जगला होता, वालाचा ढीग अंगणात होता. हिरामणनं जे खाल्लं होतं ते दुसरंच होतं.

त्यानं सांगितलं. यावेळी सोपं नव्हतं, शब्द मागंपुढं होत होते. दोर भिजल्याचं सांगितलं, मोजल्याचं सांगितलं, आठ दिवस उद्या उद्या म्हटल्याचं सांगितलं. मग नूतनचंही सांगितलं, मैदानावरचं. “माझी सून शिकवते कॉलेजात. तिनं मोजून दाखवलं. चेंडू खालीच ठेवायचा असतो. जनू बोलला ते बरोबर व्हतं. तू सात हातांनी जिंकला व्हतास, पोपट.”

पोपटनं शिवी दिली नाही. काठी त्याच्या पायाशी होती, ती उचलली नाही. नोकरीचं तर त्यानं नावच काढलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, “खाली ठेवला ते चुकलं नाय?”

“नाय.”

“नक्की?”

“नक्की. मी माझ्या हातानं फेकून बघितला.”

पोपट उठला. अंगण ओलांडून गडग्यापाशी गेला, दोन्ही हात दगडांवर ठेवले आणि उभा राहिला. हिरामणला त्याची पाठ दिसत होती. बराच वेळ तो तसाच उभा होता, जणू कशी हाक मारायची तेच विसरला होता.

“दादा,” तो म्हणाला.

खाटेवरचा म्हातारा हलला नाही. आपल्याला कुणी हाक मारेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसावं.

“दादा!”

जनू वळला. पोपटला बघून त्याचा चेहरा एकदम घाबरला आणि तो खाट धरून उठायला लागला. “काय झालं? कोण गेलं?”

“कोण नाय गेलं. बस तू, बस.” पोपट गडग्यावरून वाकला. “तू सांगितलंस ते बरोबर व्हतं. चेंडू खाली ठेवला ते बरोबर व्हतं, दादा. दोर आखडला व्हता. आपण जिंकलो व्हतो.”

जनूनं डोळ्यांवर हात धरून भावाकडं नीट बघितलं. “मग!” तो म्हणाला. “मी काय उगाच ओरडत व्हतो?” आणि तसाच पाय ओढत तो गडग्याकडं यायला लागला.

दोघं मध्ये दगड ठेवून उभे राहिले. काय बोलत होते ते इकडं नीट ऐकू येत नव्हतं. वालाबद्दल काहीतरी, गुडघ्याबद्दल काहीतरी. एकदा पोपट हसला, मग त्यानं बाहीनं डोळे पुसले. हिरामणकडं दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याची आता तिथं कुणाला गरजही नव्हती. तो रडत होता आणि ते लपवावं असं त्याला वाटत नव्हतं.

मालू त्याच्यापाशी आली. ती रडत नव्हती.

“भावजी, तुमी रोज गाडीनं जायचात ना हितून? कंपनीत?”

“व्हय.”

“किती वर्षं?”

“बत्तीस.”

“सासूबाई गेल्या तेव्हा हे दोघं पोरगे दोन बाजूंनी खांदा देऊन चालले,” मालू म्हणाली. “घरापासून मसणापर्यंत एकमेकांशी अवाक्षर नाय. जीव जाईपर्यंत ती म्हातारी म्हणत व्हती, माझ्यासमोर एकदा बोला. गाडी तेव्हा पण हितूनच जात व्हती.”

हिरामणनं मान खाली घातली.

मालूनं पदर खोचला. घरात जायला वळली, मग उंबऱ्यात थांबली. “चहा आज नाय ठेवत मी,” ती म्हणाली. “पुन्हा या. तेव्हा बघू.”

“येतो,” हिरामण म्हणाला, आणि फाटक उघडून स्टेशनाच्या वाटेला लागला.